उताराकडे हँडल

परदेशी जाऊन आलेल्या माणसाने प्रवासवर्णन लिहिलेच पाहिजे, असा आपल्याकडे एक अलिखित नियम आहे. मी कॅनडाहून परत आलो त्याच आठवड्यात नियतकालिकाच्या संपादक मंडळातल्या एका मित्राने मला कँटीनमध्ये गाठले आणि चहाचे पैसे स्वतः दिले. लेख द्यावा लागणार हे मी तेव्हाच ओळखले. "नायगारा बघितलास ना? मग त्यावर चार पाने लिही," तो म्हणाला. मी नायगारा बघितलेला नाही. मी जेथे राहिलो तेथून तो रस्त्याने तीन हजार किलोमीटरांहून जास्त दूर आहे. तीन महिने मी कोळसा खाणीच्या एका लहानशा गावात होतो आणि त्या तीन महिन्यांत एकच गोष्ट शिकलो: बर्फाच्या डोंगरावर स्नोमोबाइल चढवायला. खरे सांगायचे तर चढवायला नव्हे, वळवायला. चढवता कोणालाही येते.

पहिले बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. पण ताईला इकडे येता येईना, म्हणून माहेरच उठून तिच्याकडे गेले. माहेर म्हणजे आई, डिंक-खारीक-अळीव भरलेल्या दोन बॅगा आणि त्या बॅगा उचलायला मी. वडिलांना दुकान सोडवत नव्हते. सहाव्या सत्राची माझी हजेरी पुढे कशी भरून काढली, ते येथे न लिहिलेलेच बरे.

ताईचे गाव स्पारवुड. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या अगदी आग्नेय कोपऱ्यात, रॉकी पर्वताच्या कुशीत, एल्क नदीच्या खोऱ्यात ते आहे. कॅल्गरीच्या विमानतळावर उतरून मोटारीने सुमारे तीन तास जावे लागते. गावाची खूण म्हणजे हमरस्त्याच्या कडेला उभा करून ठेवलेला हिरवा अजस्र ट्रक. 'टायटन' त्याचे नाव. एके काळी तो जगातला सर्वांत मोठा ट्रक होता आणि तसा एकच बनवला गेला. आमचे दाजी खाण-अभियंता. चंद्रपूरच्या कोळशाच्या खाणीत काही वर्षे काढून ते इकडे आले. पहिल्या हिवाळ्यात थंडीने रडकुंडीला आले, दुसऱ्या हिवाळ्यात त्यांनी सेकंडहँड स्नोमोबाइल घेतली आणि तेव्हापासून ते उन्हाळ्याला कंटाळू लागले, असे ताई सांगते.

ज्यांनी हे वाहन पाहिले नाही (म्हणजे वाचकांपैकी जवळजवळ सर्वांनी) त्यांच्यासाठी थोडे वर्णन. पुढे चाकांच्या जागी दोन स्की, मागे चाकांच्या जागी रणगाड्यासारखा फिरणारा एक रबरी पट्टा. डोंगरावरच्या गाडीचा हा पट्टा लांबलचक असतो. दाजींच्या गाडीचा १५४ इंचांचा होता, आणि त्यावर अडीच इंच उंचीचे वल्ह्यासारखे दाते. भुसभुशीत बर्फात गाडी रुतू नये आणि दात्यांनी बर्फ मागे लोटत पुढे जावे, ही त्यातली योजना. गिअर नाहीत, आपल्या स्कूटीसारखी बेल्टवरच गती बदलते. डाव्या हाताला ब्रेक. रेस मात्र मूठ पिळून द्यायची नाही, उजव्या अंगठ्याने एक लहानशी पट्टी दाबायची. इंजिन ८५० सीसीचे, टू-स्ट्रोक, ताकद दीडशे अश्वशक्तीच्या वर, आणि वजन दोनशे किलोंच्या वर. एका टोकाला चिमटा असलेली एक लाल दोरीही असते. चिमटा आपल्या जाकिटाला लावायचा आणि दुसऱ्या टोकाची टोपी गाडीवरच्या बटणावर बसवायची. माणूस पडला की दोरी ओढली जाते आणि इंजिन बंद पडते. या दोरीचे पुढे काम पडणार आहे.

हे वाहन जन्माला आले त्याची हकिकत दाजींनी मला विमानतळावरून येतानाच सांगितली होती, पण ताई मोटारीत होती म्हणून अर्धीच. उरलेली नंतर सांगितली. क्वेबेक प्रांतातल्या व्हालकूर नावाच्या खेड्यात जोझेफ-आर्मां बोंबार्डिए नावाचा एक तरुण मेकॅनिक होता. बर्फावर चालणारे वाहन बनवण्याचा नाद त्याला पोरवयापासूनच. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला, अपेंडिक्सचे दुखणे. रस्ते बर्फाने बंद. दवाखाना गाठायला साधन नव्हते आणि मूल गेले. त्यानंतर हा माणूस त्या पट्ट्याच्या आणि दातेरी चाकाच्या मागेच लागला. १९३७ मध्ये त्याने सात माणसे बसतील अशी बंदिस्त बर्फगाडी बाजारात आणली. डॉक्टर, टपाल, शाळेची मुले अशा गाड्यांतून जाऊ लागली. एकट्या-दुकट्याने चालवायची लहान गाडी, 'स्की-डू', १९५९ सालची. म्हणजे डोंगरावर धुडगूस घालण्यासाठी म्हणून हे यंत्र कोणी बनवले नव्हते. एका बापाला जे जमले नाही ते पुढच्यांना जमावे, म्हणून ते बनले. ताईला नववा लागला होता आणि दवाखाना तीस किलोमीटरवर, फर्नीला. ही गोष्ट मोटारीत अर्धी का राहिली, ते वाचकांच्या ध्यानात आले असेल.

ताईने दाजींना अट घातली होती: बारसे होईपर्यंत डोंगर बंद. सपाटीवर काय वाटेल ते करा. दाजींनी ती पाळली, आणि डोंगराची तहान माझ्यावर भागवायचे ठरवले. "मोटारसायकल चालवतोस ना? मग चार दिवसांत शिकशील," ते म्हणाले. मोटारसायकल मी चालवतो. पसरणी घाट मी किती वेळा चढलो-उतरलो आहे, ते आमच्या वाईच्या मित्रांना विचारा. वळणावर गाडी कशी पाडायची, उतारावर ब्रेक कसा जपून लावायचा, धुक्यात एस. टी.च्या मागे कसे चिकटायचे, यात मला कोणाकडून काही शिकायचे उरलेले नाही, असे माझे प्रामाणिक मत होते.

मला शिकवायला दाजींनी शेजारच्या एका गृहस्थांना गळ घातली. वय सत्तरीच्या घरात, चाळीस वर्षे खाणीत काढलेली, आता निवृत्त. तिकडे सगळे एकमेकांना नावाने हाका मारतात. माझ्या तोंडून ते काही निघेना, म्हणून मी त्यांना 'सर' म्हणू लागलो. त्याचे त्यांना इतके हसू यायचे की शेवटी तेही मला 'सर' म्हणू लागले. या लेखात मी त्यांना आजोबा म्हणतो, कारण आई त्यांच्याविषयी बोलताना तसेच म्हणायची. "तुझे ते आजोबा आले बघ," असे.

पहिल्या दिवशी त्यांनी मला एका मोकळ्या कुरणावर नेले. गुडघ्याच्या वर बर्फ, चढ नाही, उतार नाही. मी गाडीवर ऐटीत बसलो. ते म्हणाले, "उठा सर. बसायचे असते ते चहा प्यायला." डोंगरावर ही गाडी उभ्याने चालवतात. पाय फळ्यांवर, गुडघे किंचित वाकलेले, वजन तळव्यांवर. गर्दीच्या एस. टी.त दांडी न धरता उभे राहणाऱ्याला हे पटकन जमते. मला जमले. पुढचे जमले नाही.

पुढचे असे. पाऊलभर खोल बर्फात स्कींनी गाडी वळते; खोल बर्फात हँडल वळवले तर स्की नुसत्या नांगर धरतात आणि गाडी सरळच जाते. वळायचे असेल तर सगळी गाडी एका अंगावर कलती करावी लागते, म्हणजे एक स्की हवेत आणि पट्ट्याची एक कड तेवढी बर्फात. ती कलती कशी करायची? डावीकडे वळायचे असेल तर दोन्ही पाय डाव्या फळीवर आणायचे, अंग डावीकडे झोकायचे, हँडल धरून गाडी आपल्याकडे ओढायची, अंगठ्याने रेसचा एक झटका द्यायचा आणि त्याच क्षणी हँडल वळवायचे उजवीकडे. होय, उजवीकडे. जायचे डावीकडे आणि हँडल उजवीकडे. तर्कशास्त्राच्या तासाला मी हे विधान केले असते तर सरांनी मला बाहेर उभे केले असते.

मी पहिल्या दिवशी सतरा वेळा पडलो. मोजले, कारण दर वेळी आजोबा आकडा मोठ्याने म्हणायचे. मऊ बर्फात पडण्याचे काही वाटत नाही; उठण्याचे वाटते. हात टेकावा तर खांद्यापर्यंत आत जातो. दोनशे किलोंची गाडी पुन्हा सरळ करायची. उणे बारा तापमानात माझा शर्ट घामाने चिंब झाला. आई खिडकीतून बघत नव्हती हे नशीब. घरी गेल्यावर ती म्हणाली, "रस्ता असताना रस्ता सोडून गाडी घालायची, ही कसली हौस?" याचे उत्तर माझ्याजवळ त्या दिवशी नव्हते. आज आहे असेही नाही.

पाचव्या की सहाव्या दिवशी एकदम जमले. पोहायला येते तसे. काल येत नव्हते आणि आज येते, मधे काय झाले ते कळत नाही. गाडी डाव्या अंगावर उचलली गेली आणि तशीच, एका कडेवर तोललेली, सबंध वर्तुळ फिरून आली. मग लक्षात आले की मोटारसायकलवरही आपण हेच करतो. वेगात डावीकडे कलायचे असेल तर हँडल क्षणभर उजवीकडे ढकलले जाते. हाताला ते ठाऊक असते, डोक्याला नसते. पसरणी घाटात हजार वेळा केलेली गोष्ट मला इतक्या दूर जाऊन, सत्तरीच्या म्हाताऱ्याकडून समजली.

उजवीकडचे वर्तुळ मात्र आणखी आठवडाभर जमले नाही. उजव्या अंगाला कलले की रेसचा अंगठा अवघडतो आणि नको तेव्हा रेस दिली जाते. बहुतेकांची एक बाजू अशी लंगडी असते, असे आजोबा म्हणाले. आणि मग त्यांनी मला डावीकडे वळायलाच बंदी केली. चार दिवस फक्त उजवीकडे. या माणसाला शिकवण्याचे अंग होते. आपल्याला जे येते तेच करत राहण्यात शिकणाऱ्याचा फार वेळ जातो, हे त्यांना माहीत होते.

कुरणावरून मग आम्ही हलक्या उतारावर आलो. उतारावर आडवे चालायचे, डोंगराच्या अंगाला समांतर. येथे हाताची खरी परीक्षा. गाडी खाली घसरू लागली की आपला हात आपोआप हँडल वर, डोंगराकडे वळवतो. वर जायचे तर वर वळवा, साधा हिशेब. पण तसे केले की कललेली गाडी सपाट बसते आणि सपाट गाडी उतारावर खालीच जाते. हँडल खाली, उताराकडे वळवले तर ती डोंगराकडच्या कडेवर उचलून धरली जाते आणि आपली वाट सोडत नाही. खाली दरी दिसत असताना हँडल दरीकडे वळवायचे! आजोबा मागून ओरडत: "झाडाकडे बघू नका, वाटेकडे बघा!" कारण जेथे नजर तेथे गाडी. ज्या झाडाला आपटू नये म्हणून आपण त्याच्याकडे टक लावून बघतो, त्यालाच जाऊन आपटतो. मी दोन झाडांना आपटलो. झाडे सुखरूप आहेत.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री दोनला, ताईला कळा सुरू झाल्या. बाहेर बर्फ पडत होता. दाजींनी मोटार काढली. हमरस्त्यावर बर्फ लोटणारी मोठी गाडी पुढे चालली होती, तिच्या पिवळ्या दिव्यामागून आम्ही फर्नीला गेलो. तीस किलोमीटरांना पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मागच्या सीटवर आई रामरक्षा म्हणत होती, ताई आईचा हात दाबत होती आणि मी पुढे बसून व्हालकूरच्या त्या दोन वर्षांच्या मुलाचा विचार करत होतो, जो मला अजिबात करायचा नव्हता. पहाटे मुलगी झाली. पुढचे दिवस बाळंतिणीच्या खोलीतल्या शेकशेगडीचे, म्हणजे तेथल्या विजेच्या हीटरचे. बारसे साग्रसंगीत झाले. गावातली दोन पंजाबी कुटुंबे, दाजींच्या खाणीतले मित्र आणि आजोबा आले. आजोबांनी घुगऱ्या तीन वेळा मागून घेतल्या.

बारसे झाले आणि डोंगर उघडला. दाजींना उघडला, मला नाही. "त्याला उभ्या चढावर न्यायचे नाही," ताईने बजावले. दाजींनी यातून पळवाट काढली. आजोबांच्या सल्ल्याने त्यांनी फेब्रुवारीत एक लहान चढ निवडला आणि तो 'डोंगर' नसून 'टेकडी' आहे असे माझ्याकडून वदवून घेतले.

जाण्यापूर्वीचे आजोबांचे सोपस्कार सांगितले पाहिजेत, नाहीतर वाचकांना वाटेल की आम्ही नुसते हुंदडायला गेलो. हिमस्खलन हा शब्द भूगोलाच्या पुस्तकात थंडगार वाटतो. आमच्याकडे पावसाळ्यात घाटात दरड कोसळते ना, तीच. फक्त ती बर्फाची असते, आणि बहुतेक वेळा तिच्यात सापडणाऱ्या माणसानेच किंवा त्याच्या सोबत्याने ती पाडलेली असते. बर्फ थरांनी साचतो. खालचा एखादा थर साखरेसारखा सुटा राहिला आणि वर जड थर बसला, की त्यावर गाडीचे ओझे पडताच वरची लादी निसटते. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर हा धोका सर्वांत जास्त, आणि स्नोमोबाइलवाल्यांना गंमत वाटते तीही नेमकी त्याच उतारावर. 'अ‍ॅव्हलांच कॅनडा' नावाची संस्था हिवाळ्यात रोज अंदाज देते, धोक्याच्या पाच पायऱ्या सांगते. आजोबा तो वर्तमानपत्रासारखा सकाळच्या कॉफीबरोबर वाचत. त्या दिवशी धोका दुसऱ्या पायरीवर होता, मध्यम. प्रत्येकाच्या छातीशी संदेश पाठवणारे एक यंत्र, पाठीवर फावडे आणि जोडता येणारी लांब सळई. गाडला गेलेला माणूस दहा-पंधरा मिनिटांत काढला तर वाचण्याची आशा असते. त्यानंतर ती झपाट्याने मावळते. म्हणजे मदत बाहेरून यायची नसते. ती आपल्याच सोबत्यांच्या पाठीवर असते. आणि एक नियम: चढावर एका वेळी एकच गाडी. बाकीचे खाली, बाजूला, गाडीचे तोंड बाहेर करून, हेल्मेट न काढता.

टेकडी वाडग्याच्या आतल्या अंगासारखी होती. खालचा भाग पंचविसाच्या आत, वर ती उभी होत गेली होती. मध्यावर एक वठलेले झाड. "त्या झाडाच्या खाली वळायचे," आजोबांनी सांगितले. "अजून वीस पावले जाता येईल असे वाटते, तेव्हाच वळायचे. जाता येत नाही असे वाटल्यावर वळताच येत नाही." सगळ्या कलेचे सार यातच होते. गाडीत अजून जोर असताना अंगावर घेऊन ती वळवली, तर ती पक्ष्यासारखी घेर घेऊन खाली येते. जोर संपेपर्यंत थांबलात की मग गाडी तुम्हाला वळवते.

पहिल्या तीन फेऱ्या मी झाडाच्या खालीच वळलो. तिन्ही सुरेख. दाजींनी खालून हात उंचावला. चौथ्या फेरीत झाड जवळ आले, गाडीत जोर भरपूर होता, आणि मी वळलो नाही. का, ते विचारू नका. कोणी बघत असले की माणूस वीस पावले जास्त जातो. झाड मागे पडले, चढ एकदम समोर उभा राहिला, इंजिनाचा आवाज खाली आला. तेव्हा घाईने डावीकडे वळायला गेलो आणि दोन महिने घोटलेले सगळे विसरून हँडल वळवले डोंगराकडे. गाडी सपाट बसली, उजवीकडे घसरली, तोंड वर करून रुतली. आता रेस सोडायला हवी होती. मी अंगठा पुरा दाबला. पट्ट्याने बर्फाऐवजी खड्डा खणला आणि गाडी शेपटावर बसल्यासारखी त्यात बसली. मग इंजिन बंद पडले आणि इतकी शांतता झाली की हेल्मेटमध्ये मला माझाच श्वास ऐकू येत होता.

छातीवरच्या रेडिओतून आजोबांचा आवाज आला. "लागले का?" नाही. "मग ऐका. कोणी वर येणार नाही. तुम्ही घाई करू नका."

कोणी वर येणार नाही, हे वाक्य त्या क्षणी मला फार निष्ठुर वाटले. मी खाली पाहिले. वाडग्याच्या तळाशी दोन ठिपके. एक ठिपका, निळ्या जाकिटाचा, गाडीवर चढला आणि इंजिनाचा आवाज वर आला. दाजी निघाले होते. तेवढ्यात दुसरा ठिपका बर्फात ढांगा टाकत त्यांच्या गाडीशी गेला, वाकला, आणि आवाज बंद झाला. दाजींची लाल दोरी आजोबांनी उपटून खिशात घातली होती. ते काय बोलले ते मला ऐकू आले नाही. दाजींचे दोन्ही हात हवेत हलताना दिसले, मग खाली आले.

पुढची चाळीस मिनिटे मी एकटा होतो. सरळ खाली उतरता येत नव्हते. घसरताना मी उजवीकडे आलो होतो आणि माझ्या बरोबर खाली फरची दाट झाडे होती. आडवे, डावीकडे साठ-सत्तर पावले गेल्याशिवाय मोकळा उतार नव्हता. आधी फावड्याने पट्ट्याच्या बाजूचा बर्फ काढला. मग स्कींचे तोंड हाताने ओढून, एकेक वीत, डावीकडे आणले. समोरचा बर्फ पायांनी तुडवून ओट्यासारखा घट्ट केला आणि तो आवळून यावा म्हणून थोडा वेळ थांबलो. या सगळ्यात मी दर मिनिटाला वर बघत होतो. वर काहीच नव्हते. पांढरा उतार, त्याच्या वर निळे आकाश, आणि दोन्ही अगदी शांत. शांत असणे हे चांगले लक्षण की वाईट, ते मला कळत नव्हते. रेडिओवर आजोबा अधूनमधून एखादेच वाक्य बोलत. "पाणी प्या." "दोरी लावली का?" शेवटी: "निघा. नजर कोठे?" मी म्हणालो, "वाटेवर." "आणि हँडल?" मी मराठीत म्हणालो, "खाली." त्यांना ते कसे समजले कोण जाणे, ते "बरोबर" म्हणाले.

दोन्ही पाय डोंगराकडच्या फळीवर घेतले, गाडी अंगावर ओढली, रेसचा झटका दिला आणि हँडल झाडांकडे, उताराकडे वळवले. सबंध शरीर नको म्हणत होते. गाडी उचलली गेली आणि चालू लागली. साठ-सत्तर पावले. मोकळा उतार आल्यावर तोंड खाली केले आणि ब्रेक सोडत-दाबत तळाशी आलो.

मला वाटले होते दाजी धावत येतील. ते गाडीवरच बसून राहिले होते, हातमोजे काढलेले, आणि त्यांचे हात कापत होते. आजोबांनी खिशातून लाल दोरी काढून त्यांच्यापुढे धरली, मग थर्मासमधली कॉफी ओतून आधी त्यांना दिली, मग मला. मला ते एवढेच म्हणाले, "झाड कोठे होते, सर?" मी झाडाकडे बोट दाखवले. त्यावर अधिक काही बोलणे झाले नाही.

परतताना ट्रकमध्ये दाजी बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी सांगितले. २८ डिसेंबर २००८ रोजी याच स्पारवुडमधले अकरा जण फर्नीजवळच्या हार्वी पास भागात स्नोमोबाइल घेऊन गेले होते. पहिली दरड आली, काही जण गाडले गेले. बाकीचे त्यांना काढायला धावले, आणि दुसरी दरड सगळ्यांवर आली. आठ जण गेले. एवढ्याशा गावात आठ. आजोबा त्यांतल्या काहींना लहानपणापासून ओळखत. "मला त्यांचा इतका राग आला होता," दाजी म्हणाले. "दोरी परत द्या म्हणून मी त्यांना वाटेल ते बोललो. ते म्हणाले, खाली फावडे घेऊन एक माणूस जिवंत हवा; दोन असले तर फारच चांगले." थोड्या वेळाने म्हणाले, "मी मात्र एवढाच विचार करत होतो, की तुझ्या ताईला जाऊन काय सांगू."

त्या दिवशी आम्ही ताईला काहीच सांगितले नाही. टेकडी कशी होती, तिने विचारले. लहान होती, मी म्हणालो. मांडीवर बाळ झोपले होते, म्हणून तिने जास्त चौकशी केली नाही. आईने मात्र माझ्याकडे एकदा नीट पाहिले आणि न विचारता गरम वरणभात वाढला.

नंतर आणखी चार वेळा मी त्या टेकडीवर गेलो आणि चारही वेळा झाडाच्या पुष्कळ खाली वळलो. उजवीकडे सुद्धा. निघायच्या आदल्या दिवशी आजोबा निरोप घ्यायला आले आणि त्यांच्या जुन्या गाडीची झिजलेली लाल दोरी मला देऊन गेले. ती आता वाईला, माझ्या मोटारसायकलच्या किल्लीशेजारी खिळ्यावर टांगलेली आहे.

लेखात भाची आली आहे, तेव्हा अंकाची एक प्रत ताईला पाठवावी लागणार. आई म्हणते, पाठव. दाजींना फोनवर विचारले. ते म्हणाले, "पाठव, पण उन्हाळ्यात पाठव."